आवळायची ओळ, सोडायची ओळ

चंद्रावतीने खोलीची कडी आतून लावली, खुर्चीवर ताठ बसली आणि डोळे मिटून धवल्याची, लग्नातल्या पारंपरिक गाण्याची, पहिली ओळ उचलली. ती ओळ संपेपर्यंत आतून आवळून धरायचं, दुसऱ्या ओळीला सोडून द्यायचं. अशा दहा जोड्या, दिवसातून तीन वेळा.

खारघरच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने खरं तर आकडे मोजायला सांगितले होते.

"लघवी अडवतो ना आजी, तसं आतून धरायचं. पोट नाही, मांड्या नाहीत. श्वास कोंडू नका, मोठ्याने पाचपर्यंत मोजा."

नातीच्या वयाची पोर हे असं उघड बोलत होती आणि चंद्रावती तोंडावर पदर ओढून ऐकत होती. आकडे काही जिभेवर ठरेनात. उभा जन्म लग्नघरांत धवले म्हणण्यात गेलेला. ओळी मात्र आपोआप येत.

बाहेरून भाविकाने दार वाजवलं.

"आजी, माझ्या हळदीचीच तयारी चाललीय ना? बाबांना सांगू, तू धवले म्हणणार म्हणून?"

चंद्रावतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घसा बसल्याचं सांगून दोन वर्षं तिने एकूण एक लग्न टाळलं होतं. घशाला काही झालेलं नव्हतं. आवाज चढवला की लुगडं ओलं व्हायचं, आणि धवला अर्ध्यात तोडून धवलारणीने उठायचं नसतं. पण सख्ख्या नातीची हळद नुसत्या डीजेवर जायची, हे तिच्याने सोसवणार नव्हतं.

"सांग," ती दाराआडून म्हणाली. "पन धवलं एकटीनं होत नाय. जोडीला बाई लागंल."

"तू म्हणशील तिला बोलवू."

नाव ओठांशी आलं आणि तिथेच अडकलं.

वीस वर्षं तिची जोडी हौसाशी होती. आठ वर्षांपूर्वी एका हळदीत हौसा धवला तोडून उठली, तेव्हा तिच्याखालच्या चटईवर ओल उमटली होती. चंद्रावतीने आपले पाय वर उचलून घेतले आणि भर मांडवात म्हणाली, "कोनी ही चटई बदला रं." बायका पदराआड हसल्या. त्यानंतर हौसा कुठल्याच लग्नात दिसली नाही, आणि तिची बोलावणीही चंद्रावतीकडे येऊ लागली. स्वतःवर तीच पाळी आल्यापासून ती चटई चंद्रावतीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. आपल्या ओल्या लुगड्यापेक्षा तिला त्या एका वाक्याची जास्त लाज वाटत होती.

व्यायामाच्या तिसऱ्या महिन्यात एकदा तीन धवले सलग म्हणूनही लुगड्याआत ठेवलेली कपड्याची घडी कोरडी राहिली. दुसऱ्या दिवशी तिने सुकापूरची रिक्षा धरली.

हौसा दारात सुपात जवळा निवडत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

"भाविकाची हळद हाय," चंद्रावती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "जोडीला ये."

"गुडघं गेलं माझं."

"गुडघं नाय गेलं, हौसा. मना ठाव हाय." चंद्रावतीचा आवाज बारीक झाला. "माझंबी तेच झायलं. दोन वरसं झाली."

हौसाचे हात थांबले.

"त्याला कसरत हाय. धवला म्हनता म्हनता करता येते. मी शिकली, तुलाबी शिकवीन." मग ती म्हणाली, "त्या दिशी मांडवात मी जे बोलली..."

पुढचं तिला जमेना. मान खाली घालून ती उन्हात उभीच राहिली.

हौसाने सूप बाजूला सारलं. गुडघ्यांवर हात न टेकता ती उठली, कोपऱ्यातली गुंडाळलेली चटई आणून तिने अंथरली आणि स्वतः एका कडेला बसली.

"बस," ती म्हणाली. "भिजली तं धुवाची."