मालिनीचं मागणं

मालिनी मूळची नांदेडची. गुरुद्वाऱ्यामागच्या गल्लीत वाढलेली, आणि लहानपणी तिथल्या कीर्तनाने झोपमोड होते म्हणून कुरकुरणारी. तीच बाई आज ते कीर्तन ऐकायला नोव्हाय या उपनगरातून नवऱ्याला, श्रीरंगला, बर्फात गाडी काढायला लावून डेट्रॉइटच्या गुरुद्वाऱ्यात आली होती. आहे की नाही गंमत!

गंमत कसली म्हणा. आई तिकडे अंथरुणाला खिळली होती. "ताई, सारखं तुझं नाव घेतेय," भावाने फोनवर सांगितलं होतं. पण इकडे ग्रीन कार्डाचा अर्ज लागलेला. मध्येच देश सोडला की अर्ज बाद. मग ती तिकडे, नवरा इकडे, किती वर्षं कोण जाणे! "दोन महिने कळ काढ गं, कार्ड येईलच," श्रीरंग रोज म्हणायचा. वाईट नव्हता हो तो, घाबरट होता.

पेटीचा सूर लागला. तीच चाल, तुपात भाजलेल्या कणकेचा तोच वास. तिने पदर तोंडाशी धरला, पण हुंदका काही आवरेना.

शबद, म्हणजे कीर्तनातलं पद, संपल्यावर शेजारच्या म्हाताऱ्या पंजाबी आजींनी, सगळे त्यांना बीजी म्हणत, हळूच हिंदीत विचारलं, "कुठली गं तू?"

"नांदेडची."

"हुजूर साहिबची!" नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचं नाव घेत बीजी चक्क तिच्या पायांकडे वाकल्या.

"अहो, हे काय भलतंच!" मालिनीने पाय ओढून घेतले.

जन्मभर बीजींना तिथे माथा टेकायचा होता, तो योग आला नव्हता. "पहाटे कसं असतं गं तिथे?"

मालिनी सांगू लागली. गोदावरीचं पाणी घागरीत भरून आणतात, आणि ती घागर गल्लीतून जायच्या आधी आई दारात सडा घालून हात जोडून उभी राहते.

"अजून राहते?"

"आता तिला कूससुद्धा बदलता येत नाही, बीजी."

बीजींनी तिला उठवलं आणि ग्रंथसाहिबाचं पठण करणाऱ्या ग्रंथीजींपुढे नेलं. शेवटची अरदास, सगळ्यांनी मिळून करायची प्रार्थना, आता व्हायची होती. त्यात कुणाचं काही मागणं असलं तर तेही घालतात.

"काय मागायचं, बेटी?" ग्रंथीजींनी विचारलं.

डोक्याला रुमाल बांधलेला श्रीरंग मागून घाईघाईने आला. "तिच्या आईंना अजून दोन महिने मिळू देत."

मालिनी त्याच्याकडे बघतच राहिली. आपल्या एका कार्डासाठी आईने दोन महिने कण्हत पडून राहायचं? आणि हे देवाजवळ मागायचं? तिला संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली, कारण रोज दिवा लावताना तीही हेच मागत होती.

"नाही," ती म्हणाली. "मी आईकडे निघालेय. मला पोचू दे, एवढंच म्हणा."

"अगं मालिनी, जरा..."

तोवर जमलेली सगळी संगत प्रार्थनेला उभी राहिली होती. ही मुलगी हुजूर साहिबला आपल्या आईकडे निघाली आहे, तिचा प्रवास सुखाचा होवो, असं ग्रंथीजींनी खड्या आवाजात मागितलं. सगळं दालन एकमुखाने "वाहेगुरू" म्हणालं. श्रीरंगचा चेहरा पार उतरला.

"अरदास झाली, पुत्तर," बीजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "गुरूसमोर सांगितलंय. आता माघार नाही."

श्रीरंगने ओंजळीतला प्रसाद तोंडात टाकला आणि खिशातून फोन काढला. मग पुटपुटला, "उद्याची फ्लाइट मिळते का बघतो."

मालिनीने डोळे मिटले. डेट्रॉइट, लंडन, मुंबई, मग रात्रभराची गाडी. केवढी ही लांब वाट! आईसाठी आणखी दिवस मागायचे नाहीत असं मघाशी मनाला बजावलं होतं, तरी मन ऐकेना.

"आई, मी येईपर्यंत थांब गं. तेवढं तरी थांब."