खुराड्यावरची ढाल

मित्रांनो, मी एकेकाळी ढाल होते. आता खुराड्याचं झाकण आहे. कोंबड्या माझ्यावर बसतात, घाण करतात. तुम्हाला वाटेल, आता ही रडगाणं गाणार, माझ्याकडे कुणी बघत नाही म्हणून. नाही. तसं नाहीये. ऐका तर.

मी रोमच्या फौजेतली. युफ्रेटिस नदीकाठच्या किल्ल्यात एका म्हाताऱ्या सुताराने मला बनवलं. चिनाराच्या पातळ पट्ट्यांचे तीन थर, मधला उभा, बाकीचे आडवे. थरांमध्ये सरस. तो सरस असा वास मारायचा की सुताराची बायको त्याला अंगणातच जेवायला वाढायची. वरून कातडं चढवलं, लाल रंग दिला, मधोमध लोखंडी वाटी ठोकली. सुतार म्हणाला, "भाला येऊ दे, दगड येऊ दे, ही बघून घेईल. फक्त पाण्यात घालू नका. सरस सुटला की संपलं."

मी ज्याच्या हातात गेले त्याचं नाव व्होकोन. फौजेतल्या पंचवीस वर्षांपैकी त्याची सोळा झाली होती. पहिल्याच दिवशी त्याने खिळ्याने माझ्या वाटीवर ठिपके पाडून आपलं नाव काढलं. नियमच होता तसा. कोणती ढाल कुणाची, ते नायकाला लगेच कळायला पाहिजे.

व्होकोनने मला जपलं. खूप जपलं. रोज संध्याकाळी कातड्याला तेल लावायचा. ढग दिसले की आधी माझ्यावर बकरीच्या कातड्याची खोळ, मग स्वतःच्या डोक्यावर काहीतरी. त्याच्या तंबूतला दासियुस ओरडायचा, "अरे, अमाथाला तरी एवढं तेल लावतोस का कधी?"

"अमाथा बाण अडवत नाही," व्होकोन म्हणायचा.

"शिव्या तर देते. बाण की शिव्या, काय जास्त लागतं ते तिला विचार."

अमाथा किल्ल्याच्या भिंतीबाहेर राहायची. शिपायाला लग्नाची परवानगी नव्हती, त्यामुळे ती कागदोपत्री कुणीच नव्हती. पंचवीस वर्षं भरली की व्होकोनला जमीन मिळणार होती, आणि हिला बायको म्हणता येणार होतं. दोघं दिवस मोजायचे.

माझे चांगले दिवस पण होते. आम्ही सगळ्या ढाली डोक्यावर आणि बाजूंना जोडून कासव करायचो. आत माणसं, वर आम्ही. एकदा तटावरून आलेला धोंडा मी एकटीने झेलला. नुमिसियुस नायक, जो कधी कुणाला बरं म्हणायचा नाही, त्याने नायकांच्या हातात असते त्या द्राक्षवेलीच्या काठीने माझ्यावर टकटक केलं. "ही भिंत आहे रे, भिंत." मी किती दिवस त्यावरच जगले.

मग एक गोष्ट झाली. मारिक नावाचा एक शिपाई लढाईतून ढाल टाकून पळून आला. आमच्यात त्याला एकच शिक्षा. त्याच्याच सोबत्यांनी त्याला काठ्यांनी मारायचं. मरेपर्यंत. व्होकोनलाही मारावं लागलं. मी बाजूला भिंतीला टेकून होते, सगळं बघितलं. त्या संध्याकाळी त्याने मला दोनदा तेल लावलं. एकदा झालंय हे विसरलाच होता.

त्याचे सहा महिने राहिले होते तेव्हा आम्हाला नदीपलीकडे पाठवलं. पार्थियन घोडेस्वारांनी आम्हाला पार झोडपलं. परत फिरलो तर त्यांनी आमचा होड्यांचा पूल पेटवून दिलेला. सगळ्यांनी पाण्यात उड्या टाकल्या. व्होकोनने एका हाताने मला धरलं होतं, पण धारेने मला ओढून नेलं. मी नदीमधल्या वाळूच्या बेटावर, लव्हाळ्यात अडकले. तो आपल्या काठावर पोचला.

पोचला, मित्रांनो. जिवंत. हे लक्षात ठेवा.

मला तिथून तो आणि दासियुस दिसत होते. पाण्यावरून आवाज पण येत होता.

"चल वर, गारठशील," दासियुस म्हणाला.

"माझी ढाल."

"खड्ड्यात गेली ढाल. त्या चार वाहत आल्यात ना? घे एक."

व्होकोनने एक उलटी केली, वाटी चाचपली. "हे मार्सुसचं नाव आहे. मेलेल्याची ढाल घेऊन उभा राहू? अंधार पडायच्या आत मोजणी होईल. मारिक आठवतो ना तुला?"

"सहा महिने राहिलेत तुझे! अमाथाला काय सांगू मी?"

"सांग, ढाल घेऊन येतोच."

आणि तो पाण्यात शिरला. त्याला येताना बघून मला आनंद झाला. सांगायची लाज वाटते, पण झाला. नऊ वर्षांचं प्रेम होतं, वाटलं, बघा, मला टाकून गेला नाही.

तो बेटावर चढला, मला उचललं. पलीकडच्या काठावरून बाण सुटला. त्याने नेहमीसारखं मला पुढे धरलं. पण मी किती वेळ पाण्यात होते. सरस सुटला होता. थर केळीच्या सोपटासारखे उलगडत होते. बाण माझ्यातून लोण्यातून जावा तसा गेला. मी काहीच करू शकले नाही. त्याचं वजन माझ्यावर आलं आणि तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दासियुस होडी घेऊन आला. व्होकोनला जाळलं, आणि मला अमाथाच्या दारात आणून ठेवलं.

"ढाल नसती तर त्याला मारलं असतं का रे खरंच?" अमाथाने विचारलं.

दासियुस उंबऱ्यावर बसला.

"मोजणी झाली. निम्म्या लोकांकडे ढाली नव्हत्या. नुमिसियुसची स्वतःची वाहून गेली होती. एवढ्यांना कोण मारणार? मारायला हातच उरले नसते. नायक म्हणाला, झोपा जाऊन."

अमाथा हसली. असं हसणं मी लढाईतही ऐकलं नव्हतं. मग म्हणाली, "ने ते लाकूड. चुलीत घाल."

"नाव आहे त्याच्यावर."

तिला वाचता येत नव्हतं. तिने बोटाने एकेक ठिपका चाचपला. जाळलं नाही. खुराड्यावर टाकलं, वाटी खालच्या बाजूला, म्हणजे नाव दिसायला नको. ती कोंबड्यांना दाणे टाकते, माझ्याकडे बघत नाही.

बाकीच्या जुन्या वस्तू तुम्हाला शेवटी सांगतात, आम्हाला जपा. मी कोणत्या तोंडाने सांगू? मला जपलं होतं. कुठल्याच ढालीला कुणी एवढं जपलं नसेल. मित्रांनो, हातातलं सुटलं तर सुटू द्या. काठावर पोचला असाल तर मागे फिरू नका.

पाऊस आला की माझा आणखी एक थर सुटतो. खोळ घालायला कुणी येत नाही. येऊही नये.