मिठाची राखण

"रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तुमची किडनी बहिणीसाठी घेता येणार नाही."

थोरलीने मांडीवरची पिशवी घट्ट धरली. आत दोन गाउन, टॉवेल आणि कंगवा होता. आजच दाखल करून घेतील असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिचं तिनेच ठरवलं होतं. लाँड्रीत ती चादरींना इस्त्री करायची, तिथे रजाही टाकून आली होती.

वय आड आलं असेल, असं तिला वाटलं. तसं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लहानपणापासून मीठ खावंसं वाटतं का, पायांत गोळे येतात का, उभं राहिलं की चक्कर येते का. थोरली हो म्हणत गेली. घरात खारूताई म्हणायचे, हेही तिने सांगून टाकलं. आई मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवायची आणि ही स्टूल लावून तिथवर पोचायची, मग धाकटी बहीण बरणीच लपवून ठेवायची. पुढे इस्त्री करताना मध्येच खाली बसायची सवय लागली, त्यावरून मुकादमीणबाईंचं ऐकून घेण्यात उमर गेली.

किडनीच्या बारीक नळ्यांत काही प्रथिनं राखणीला असतात, डॉक्टरीणबाई समजावू लागल्या. वाहून चाललेलं मीठ ती परत रक्तात ओढून घेतात. थोरलीच्या नळ्यांतलं त्यातलं एक जन्मापासूनच काम करत नव्हतं. मीठ लघवीवाटे जायचं, रक्तदाब कमीच राहायचा. ते मीठ वाचवण्याच्या धडपडीत शरीर पोटॅशियम आणि आम्ल बाहेर टाकत राहायचं. रक्ताचा तोल गेलेला आणि अंगात त्राण नाही, ते त्यामुळे.

"म्हणजे मी आळशी नव्हते," थोरली म्हणाली.

"नव्हता."

हे ऐकायला आई असायला हवी होती.

मग तिला एकदम सुचलं. धाकटीच्या किडन्या रक्तदाबानेच गेल्या होत्या. तिला मीठ वर्ज्य होतं.

"मग माझी गळकी तिला बरीच की," ती म्हणाली. "जास्तीचं मीठ निघून जाईल."

धाकटीला सुरुवातीला रक्तदाबाची जी गोळी दिली होती, ती नेमकं हेच प्रथिन अडवते, हे डॉक्टरीणबाईंनी कबूल केलं. पण गोळी बंद करता येते, कमी करता येते. शिवाय अशा दोन किडन्यांवर जेमतेम भागत असताना एकीवर थोरलीचं काय होईल? दुसरं कोणी मिळेपर्यंत डायलिसिस चालू राहील, म्हणाल्या.

धाकटी यंत्राला जोडलेली होती. बहिणीचा चेहरा पाहूनच तिला कळलं.

"नाही म्हणाल्या ना?"

"माझी गळकी निघाली."

धाकटीने छताकडे पाहिलं.

"एका आईच्या लेकी आपण," ती म्हणाली, "आणि मीठ सगळं माझ्याच वाट्याला."

"मागितलं होतं मी. तू बरणी लपवायचीस."

धाकटी हसली. थोड्या वेळाने तिचा डोळा लागला. तिच्या दंडातून निघालेली रक्ताची नळी यंत्राकडे जात होती. थोरलीने त्या नळीला हलकेच बोट लावलं. नळी कोमट होती. पलीकडून नर्सने नकारार्थी मान हलवली, तसा तिने हात मागे घेतला आणि ऊब जाऊ नये म्हणून मूठ मिटून बसून राहिली.