सतरा नंबरचं कुलूप

बाबांनी एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याआधी मेन स्विच पाडायचा, त्यावर स्वतःचं कुलूप लावायचं, चावी खिशात टाकायची आणि मगच खाली पाय ठेवायचा, हा त्या कामातला नियम. एका कुलपाला एकच चावी. दुसरी चावी स्टोअरमध्येच मोडून टाकतात, म्हणजे कुलूप दुसऱ्या कुणाला उघडता येऊ नये. बाबांचं कुलूप सतरा नंबरचं. कुलपावरही सतरा, चावीवरही सतरा.

ते खड्ड्यात असताना लिफ्ट खाली आली. कंपनीच्या अहवालात एक ओळ होती: ‘मृत्यू कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.’ जो माणूस घरातला बल्ब बदलतानाही फ्यूज काढून खिशात ठेवायचा, तो निष्काळजी!

ही ओळ मुकादमाच्या जबाबावर उभी होती. मुकादम बाबांच्या हाताखाली शिकला आणि पुढे त्यांच्याच वर बसला. बाबांना तो दादा म्हणे, आईला वहिनी. मी त्याला काका म्हणायचे, अहो-जाहो करायचे. जबाबात त्याने सांगितलं होतं, “कुलूप लावलं नसावं, असं मला वाटतं.”

माझं पोट शब्दांवर चालतं. मी न्यायालयाच्या कागदांचं भाषांतर करते. इंग्रजीत एव्हिडन्स वेगळा आणि प्रूफ वेगळं. बोलताना इंग्रजीवालेही सरमिसळ करतात, आणि आपण तर दोन्हींना पुरावा म्हणून मोकळे होतो. एव्हिडन्स म्हणजे टेबलावर ठेवलेली वस्तू. ती पाहून समोरच्याला जे पटतं, ते प्रूफ. पहिलं आणता येतं. दुसरं घडावं लागतं.

आमच्याकडे टेबलावर ठेवायला एक पाकीट होतं. इस्पितळाने बाबांच्या खिशातल्या वस्तू सील करून दिल्या होत्या. वर सही-शिक्क्यासह यादी: चष्मा, रुमाल, चावी एक, नंबर सतरा. आईने ते कधी उघडलं नाही.

“चावी खिशात होती, म्हणून कुलूप स्विचवर होतं असं होत नाही,” आमच्या वकीलबाई म्हणाल्या. “तो म्हणेल, चावी नेहमीच खिशात असायची, कुलूप पिशवीत. प्रूफ अजून लांब आहे, बाई.”

“मग ते त्यालाच आणायला लावू,” मी म्हणाले.

वाटतं, ऐकलं, पाहिलं, हातात घेतलं. साक्षीदाराच्या शब्दांना अशा पायऱ्या असतात, आणि ज्याच्याजवळ काही नसतं तो उड्या मारत वर चढतो, हे मी कागदांवर शेकडो वेळा पाहिलं होतं. मी ठरवलं, याला चढवायचं. जितकं उंच, तितकं बरं.

अपघाताच्या सरकारी चौकशीचं काम इंग्रजीत चाले. मुकादम मराठीत बोले आणि दुभाषी ते अधिकाऱ्यांना सांगे. घरच्यांना प्रश्न विचारायची मुभा होती. मी उठले.

“काका, ‘वाटतं’ म्हणालात. म्हणजे पाहिलं नाहीत?”

“न पाहता सांगायला मी काय ज्योतिषी आहे?” खोलीत दोघं-तिघं हसले. त्याला ते आवडलं.

“लांबून पाहिलंत?”

“लांबून कशाला? दादांच्या पिशवीतच होतं. चांगलं हातात घेतलं मी.”

“दुसऱ्या कुणाचं असेल. सगळी सारखीच दिसतात.”

“सतरा नंबर वाचला ना! तुझ्या बापाचं कुलूप मी ओळखणार नाही होय?”

“मग ते अजून असेल तुमच्याकडे.”

आता त्याने नाही म्हटलं असतं तर सगळ्या पायऱ्या उतराव्या लागल्या असत्या.

“आहे की. जपून ठेवलंय.”

अधिकाऱ्यांनी गुरुवारी आणायला सांगितलं.

“त्याला काका म्हणालीस?” घरी आईने विचारलं. “जीभ झडली नाही?”

“नाही. फक्त भीती वाटली, तो ‘हरवलं’ म्हणतो की काय.”

गुरुवारी त्याने कुलूप टेबलावर ठेवलं. जुनं दिसावं म्हणून पॉलिशपेपरने घासलेलं, वर ठोकलेला सतराचा आकडा. माणूस नीटनेटका. नुसतं कुलूप अर्धवट दिसेल म्हणून चावीही लावून आणली होती, तिच्यावरही सतरा. त्याच्या हिशेबी बाबांची चावी खड्ड्यातच गेली होती; पाकिटाचं त्याला माहीत नव्हतं.

वकीलबाईंनी पाकीट पुढे सरकवलं. अधिकाऱ्यांनी यादी वाचली, सील फोडलं, आमची चावी कुलपात घातली. ती अर्ध्यावर अडली.

“एका कुलपाला एकच चावी, हा तुमचाच लेखी नियम,” दुभाष्याने अधिकाऱ्यांचं बोलणं सांगितलं. “मग सतराच्या दोन चाव्या कुठून आल्या? मृताच्या खिशातली याला का लागत नाही? खरं कुलूप कुठे आहे?”

मुकादमाने पाणी मागितलं. दहा मिनिटांची सुट्टी झाली.

बाहेरच्या बाकावर तो माझ्याजवळ येऊन बसला. “आठव्या मजल्यावरून लिफ्टसाठी सारखे फोन येत होते. मला वाटलं, दादा चहाला गेले आणि कुलूप तसंच राहिलं. कटरने तोडलं. हाक मारली होती गं मी. एकदा.”

“एकदा,” मी म्हणाले.

“आत सगळं सांगतो. पण तो दुभाषी दगडासारखा बोलतो. तुला इंग्रजी येतं. एखादा शब्द सांग ना, ज्यात माणूस अगदीच वाईट दिसत नाही. त्यांच्याकडे असतात म्हणे असे.”

असतात. नजरचूक, गैरसमज, दुर्दैवी योग, प्रत्येकाला त्यांच्याकडे दोन-तीन मऊ शब्द आहेत आणि मला ते सगळे पाठ आहेत. योग्य जागी बसलेल्या एका शब्दाने शिक्षा निम्मी होताना मी पाहिली आहे. कुलूप तोडलं त्या घटकेपुरता तो तशा एखाद्या शब्दाला लायकही असेल, हेही मला कळत होतं.

“तोडलं, म्हणा,” मी म्हणाले. “तोडलं आणि स्विच चालू केला. मग लपवलं. मग दादांवर ढकललं.”

“पोरी, मला मुलंबाळं आहेत.”

शिपायाने दार उघडलं. मी त्याच्या आधी आत गेले आणि साक्षीदाराच्या बरोबर समोरच्या खुर्चीत बसले. बोलताना त्याला माझ्याकडेच पाहावं लागणार होतं.