घर ते थांबा

प्रबंध बांधून आला त्या दिवशी इरावतीने आधी पेढे घेतले. "अगं, सबमिट तर होऊ दे," सरोजिनीबाई म्हणाल्या. पण सासूबाईंचं ऐकायला तिला धीर नव्हता. वरळीच्या बीडीडी चाळींसमोरच्या बसथांब्यावर दोन वर्षं तिने बायकांना अडवून अडवून विचारलं होतं. घर कुठे, निघालात कुठे, थांब्यापर्यंत कशा येता, बस चुकली तर काय करता. मनू पोटात असतानाही विचारलं होतं. त्या बायका बोलल्या नसत्या तर प्रबंध कसला नि काय. शुक्रवार मुदतीचा शेवटचा दिवस. बाळंतपणाची वाढीव मुदतही वापरून झाली होती. पुढच्या आठवड्यात कॉलेजातल्या नोकरीची मुलाखत होती आणि तिथे प्रबंध सादर केल्याची पोच लागणार होती. मग वरळीला फिरकायला वेळ कुठला?

गुरुवारी सकाळी मनूला पोटाशी बांधून ती थांब्यावर पोचली.

"आली बघा सर्वेवाली," चंपाताई रांगेतूनच म्हणाल्या. त्या परळच्या एका हॉस्पिटलात आयाबाई होत्या. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात 'उत्तरदाती अकरा'. "मुलगी झाली ना तुला? मग पेढे कसले वाटतेस, बर्फी वाटायची."

"हे मनूचे नाहीत हो, पुस्तकाचे आहेत."

"असं. म्हणजे पुस्तक मुलगा झाला."

रांग हसली. इरावतीही हसली, कितीतरी दिवसांनी. तेवढ्यात मनूने भुकेचा सूर लावला. बोट चोखून झालं, खुळखुळा झाला, पोर काही ऐकेना.

"चंपाताई, तुमच्या खोलीत जरा बसू का? हिला पाजते. ही मागचीच ना तुमची चाळ?"

चंपाताईंच्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला. "चाळ कुठाय आता? पत्रे लागलेत बघ ना. पाडली."

"कधी?"

"झाले की बरेच दिवस. तू यायच्या आधीच."

"मग राहता कुठे?"

"नालासोपाऱ्याला. भाड्याने, नवीन बिल्डिंग होईस्तोवर. नातीची शाळा इथली. पहाटे तिला घेऊन निघते, दादरला उतरते, तिथनं मोठी बस. तिला शाळेत सोडलं की इथनं परळ."

"पण तुम्ही मला चाळ सांगितली होतीत. चालत येते म्हणालात."

"तू घर विचारलंस. घर चाळीतच ना, बाई. तिकडं काय, ती भाड्याची खोली. आणि शाळेपासनं येते ती चालतच की." चंपाताईंना यात लपवल्यासारखं काहीच वाटत नव्हतं. त्यांनी मागच्या बाईकडे बोट केलं. "हिला विचार. ही कळव्याला असते."

"मी चाळीतलीच आहे," ती बाई ठसक्यात म्हणाली.

इरावतीने मागे वळून पाहिलं. पत्रे तिने रोज पाहिले होते. पण काही चाळी उभ्या होत्या, आणि थांब्यावरच्या बायका त्यांतल्याच असणार असं ती धरूनच चालली होती. चाळीचा नंबर बायका आडनावासारखा सांगायच्या. ती चाळ अजून आहे का, हे विचारायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ती बाकावर टेकली. चंपाताईंनी पदर पसरून आडोसा धरला. मनू प्यायला लागली आणि शांत झाली. परळची बस आली नि गेली, तरी चंपाताई हलल्या नाहीत.

प्रबंधाचा निष्कर्ष इरावतीला तोंडपाठ होता. इथल्या बायकांचा प्रवास छोटा, घर थांब्याला लागून. तेव्हा वरळी आणि परळमध्ये फिरणारी लहान बस पुरे, दादर स्टेशनहून येणाऱ्या मोठ्या गाड्या कमी केल्या तरी चालतील. त्या पदराच्या आडोशात तिला त्यातलं वाक्य न् वाक्य आठवत राहिलं.

दुपारी गिरगावात घरी येऊन, मनूला पाळण्यात घालून, ती फोन लावत बसली. "ताई, आत्ता झोपायला कुठे जाता?" कुणी विरार म्हणालं, कुणी दिवा. काहीजणी खरंच चाळीत होत्या. पण नव्हत्या त्याच जास्त. एकीने विचारलं, "नवीन बिल्डिंगच्या यादीतून आमचं नाव कापणार नाही ना यामुळे?" नाही, असं इरावतीने तिला दोनदा सांगितलं.

तिचा नवरा पुष्कर ऑफिसातून आला तसं तिने त्याला सगळं सांगितलं. तो बूट काढता काढता थांबला. "एक तळटीप टाक ना."

"तळटीपेत नालासोपारा मावत नाही रे."

"इरा, तुला ही नोकरी हवीय. आपल्याला हवीय. पाच वर्षं घातलीस यात. डिग्री घे, चूक मग दुरुस्त कर."

सरोजिनीबाई मनूच्या लंगोटांच्या घड्या घालत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "देऊन टाक तो. बायकांचं पुढे बघता येईल. आधी स्वतःचं बघ."

मग तिने प्रिसिला मॅडमना, तिच्या मार्गदर्शकांना, फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "प्रत्येक प्रबंधात एक भोक असतं, बाळा. मर्यादांच्या प्रकरणात एक परिच्छेद घाल. मी सही केलीय."

"आणि हे वाचून कुणी त्या गाड्या खरंच बंद केल्या तर?"

"कुणी वाचत नाही गं प्रबंध." मग लगेच त्याच म्हणाल्या, "हे मी बोलायला नको होतं. उद्या ये. पण इरा, मी या वर्षी रिटायर होतेय. आत्ता नोंदणीतून नाव निघालं तर पुन्हा पहिल्यापासून, दुसऱ्या कुणाकडे. आणि बस हा विषय घेणारं डिपार्टमेंटात कुणी नाही."

शुक्रवारी मनूला घरी ठेवून ती विद्यापीठात गेली. तिच्या हातातली पिशवी जड होती. प्रबंध घेण्याच्या खिडकीत क्लार्क हितेंद्र होता. गेली पाच वर्षं तिच्या फीची पावती तोच फाडत आला होता.

"या मॅडम, तुमचीच वाट बघत होतो. आज नाही दिलंत तर नाव आपोआप निघतं, माहितीये ना?"

तिने प्रती बाहेर काढल्या. त्याने शिक्का शाईत बुडवला. तिने वरच्या प्रतीवर तळहात ठेवला आणि तिला तो उचलवेना.

"मॅडम, हात."

"नको, हितेंद्र. चुकलंय ते."

"सगळ्यांचंच चुकतं. घेऊ ना?"

"नको."

त्याने शिक्का हळूच खाली ठेवला. मागे अजून दोघंतिघं उभी होती. इरावतीने प्रती पिशवीत भरल्या आणि बाजूला झाली.

जिन्यात फोन वाजला. सरोजिनीबाईंचा. मागे मनूचं रडणं.

"उठलीय ही. बाटली तोंडात घेत नाहीये. दिलास ना?"

"नाही, आई."

पलीकडे मनूचं रडणं आणखी वाढलं. मग फोन बंद झाला.

लेकीचा आवाज ऐकून तिला पान्हा फुटला होता. कुर्ता ओला होत गेला. तिने पिशवी छातीशी धरून तो झाकला. वर मॅडम वाट बघत होत्या, घरी मनू. एका पायरीवर ती तशीच उभी राहिली. आधी कुठे जायचं ते तिला ठरवता येईना.