चौकीतली वांगी

मी एक सायकल. मला बोलता येत नाही म्हणून वाचलेत सगळे, नाहीतर मिनोहारा गावातल्या तीन शहाण्यासुरत्या माणसांना मी केव्हाच फैलावर घेतलं असतं.

माझा जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पुढे मोठी टोपली, मागे कॅरियर, साखळीवर झाकण. फुसाएकाकूंनी मला घेतलं ते शेतावर जायला. खाडीच्या अंगाला त्यांचा भाजीचा तुकडा आहे. येताना टोपली भरलेली असायची. वाटेत काकू चार दारांत थोडी थोडी भाजी ठेवायच्या आणि हाक न मारता निघून यायच्या. आमच्याकडे असंच देतात. हाक मारली की समोरच्याला आभार मानावे लागतात, मग परतफेड आली, मग परतफेडीची परतफेड. कोण ते लांबण लावणार?

पुढे काकूंचे गुडघे गेले. त्यांनी मला शाळेला देऊन टाकलं आणि शाळेने मला परदेशी शिक्षकांच्या घरामागच्या पडवीत टाकलं. एक शिक्षक आला, त्याच्याकडे मोटार होती. दुसऱ्याने माझ्यावर ओले मोजे वाळत घातले. चाकातली हवा गेली, साखळीला गंज चढला, आणि मीही आशा सोडली होती.

यंदा उन्हाळा सरताना जमैकाहून मार्व्हाबाई शाळेत इंग्रजी शिकवायला आल्या. गावाच्या जिभेला हे नाव पेलेना, म्हणून त्या माबाबाई झाल्या. पहिल्याच रविवारी त्यांनी मला घासूनपुसून तेल घातलं, ते उपकार मी विसरणार नाही. पण पुढे त्यांनी माझ्या नाकी नऊ आणले.

गाव ते केवढं? एक पूल, एक पेठ, टेकडीवर देऊळ. तरी बाई रोज वाट चुकायच्या. पुलावरून उजवीकडे वळलं की घर, हे मला ठाऊक, पण हँडल त्यांच्या हातात. संध्याकाळी पोरांनी घरी जावं म्हणून गावाच्या भोंग्यावर गाणं लागतं. बाईंना वाटलं, त्सुनामी आली. मला खांद्यावर मारून त्या देवळाच्या पायऱ्या धावत चढल्या. वर एक गृहस्थ कुत्रा फिरवत होते. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि ते शांतपणे खाली निघून गेले.

मग ते वांग्यांचं प्रकरण सुरू झालं. एका सकाळी काकू काठी टेकत आल्या. आपली जुनी टोपली पाहून त्यांना राहवलं नाही, पण दार वाजवायचा धीर होईना. "इंग्रजीत काही विचारलं तर मी काय बोलू, बाई?" असं माझ्याच कानाशी पुटपुटल्या, टोपलीत सहा वांगी ठेवली आणि जमेल तेवढ्या घाईने सटकल्या.

बाई बाहेर आल्या. वांगी पाहिली. इकडेतिकडे पाहिलं. आणि मला घेऊन थेट पोलीसचौकीवर.

कारण त्यांना येतानाच कुणीतरी पढवलं होतं, की इथे दुसऱ्याची वस्तू सापडली तर चौकीत जमा करायची. चौकीत हवालदार कुरामोची डबा खात बसले होते. बाईंनी वांगी टेबलावर मांडली आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "हे हरवला. मी सापडला."

हवालदार माणूस समजूतदार. त्यांच्या लगेच ध्यानात आलं. वांग्यांकडे, मग बाईंकडे बोट करून ते म्हणाले, "प्रेझेंट, प्रेझेंट." बाईंना वाटलं, हा पोलीस भेट मागतोय. त्या ताठ झाल्या. "नो प्रेझेंट. हरवला." हवालदारांनी कपाळाला हात लावला आणि वांगी फडताळात ठेवली. मी बाहेर उभी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

नंतर काकड्या आल्या, त्याही चौकीत. टोमॅटोंचा तर फडताळात चिखल झाला. आणि या बाई नदीकाठी मला टेकून आईला फोनवर सांगत होत्या, "दोन महिने झाले, आई. कुणी दारात उभं राहिलं नाही. नाताळला येते, ती कायमचीच." अगं, दारात रोज येतंय कोण? ओरडावंसं वाटलं, पण ओरडू कशाने.

त्याच आठवड्यात काकूंनी चौकीच्या खिडकीतून आपली काकडी ओळखली. त्यांना वाटलं, बाईंनी आपली तक्रार केली. बिचारीला रात्रभर झोप नसेल. दुसऱ्या दिवशी मिठाईचा डबा घेऊन त्या चौकीत माफी मागायला हजर, आणि त्याच वेळी आम्ही पोचलो, टोपलीत भोपळा घेऊन. तो काकूंनीच आदल्या दिवशी, चौकीतली काकडी दिसण्याआधी, ठेवलेला.

हवालदार घाईत बोलून गेले, "बाई, या भोपळ्याच्या मालकीण ह्याच."

बाईंचा चेहरा खुलला. अखेर मालक सापडला. त्यांनी दोन्ही हातांनी, कमरेत वाकून भोपळा काकूंना परत केला. काकू त्याहून खाली वाकल्या. डोळे भरले होते, आणि बाईंना वाटलं, आनंदाने. संपलंच, मी म्हटलं. आता एक घरी बसेल आणि दुसरी नाताळला जाईल.

तेव्हा हवालदार उठून उभे राहिले. आयुष्यात त्यांनी एवढं मोठ्याने बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. "कायदा आहे, काकू. हरवलेलं ज्याला सापडतं त्याला मालकाने वाटा द्यायचा." आणि हाताची सुरी करून त्यांनी भोपळा चिरल्याची खूण केली, अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

कायद्यानेच द्यायचं म्हटल्यावर काकूंची पाठ सरळ झाली. "कच्चा कोण खातं? घरी चला, शिजवून देते."

त्या दिवसापासून काकू हरवण्यात तरबेज झाल्या आहेत. आज मुळा हरवतो, उद्या पालक. बाई शोधतात, दारी नेऊन देतात आणि वाटा घेतल्याशिवाय उठत नाहीत. आईने तिकिटाचं विचारलं तर म्हणाल्या, "इथे एक बाई रोज काहीतरी हरवते. मी कशी येऊ?" ओझं वाहून माझी टोपली एका बाजूला कलली, त्याचं कुणाला काही नाही.

परवा शेतावरून जाताना काकू बांधावर बसलेल्या दिसल्या. गुडघ्याने दगा दिला होता. पंचवीस वर्षांत त्यांनी कुणाकडे मदतीचा हात मागितलेला मी पाहिला नाही. तिथून त्यांच्या घराचं छप्पर दिसत होतं. त्या छपराकडे पाठ करून म्हणाल्या, "बाई, आज मीच हरवलेय."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी खाली बसून विचारलं, "चौकीत नेऊ, की घरी?"

"घरी," काकू म्हणाल्या. एक हात बाईंच्या खांद्यावर आणि एक माझ्या कॅरियरवर टाकून त्या उठल्या. आम्ही तिघी फार सावकाश चाललो.

माणसांनो, वैताग येतो तुमचा. तुम्हाला चांगलं धडधाकट तोंड दिलंय आणि तुम्ही भोपळ्यांकरवी बोलता. माझ्याकडे नुसती घंटी आहे, तीही दुसऱ्याने वाजवावी लागते.