बेटम्याची ॲम्ब्युलन्स समुद्रात

बेटमा गावातल्या दवाखान्यासमोर उभी असलेली ॲम्ब्युलन्स पडद्यावर नॉर्वेच्या वरच्या बर्फाळ समुद्रात दिसू लागली, तेव्हा पहिले हसले ते आमचे टीम लीड भूषणजी. आमचं ॲम्ब्युलन्सचं ॲप बघायला जिल्हा आरोग्य विभागाकडून आलेल्या सुलोचना मॅडमना ते म्हणाले, "टेन्शन नका घेऊ मॅडमजी, नवीन लडकी आहे, गडबड करून बसली."

नवीन लडकी म्हणजे मी, पंचशीला. माझी सहा महिन्यांची ट्रायल सोमवारी संपत होती आणि मला कायम करायच्या कागदावर सही भूषणजींचीच लागणार होती. शहाण्या माणसानं गप्प बसावं अशी वेळ. पण माझं डोकं सणकलं.

कारण गडबड माझी नव्हतीच. नकाशाच्या फाइलला आधी रेखांश लागतो, मग अक्षांश. बोलताना सगळे अक्षांश आधी म्हणतात, ते वेगळं. आमच्या भागाचा रेखांश पंचाहत्तर, अक्षांश बावीस. मी नियम वाचून आकडे त्याच क्रमानं लिहिले होते. मला ते सोपंच गेलं. महूला फौजेत असलेल्या आजोबांनी मला नकाशा शिकवला तोच मुळी आधी उजवीकडे सरक, मग वर चढ, असा. काल संध्याकाळी भूषणजींना हा क्रम उलटा वाटला आणि मला न विचारता त्यांनी तो सुधारला. अक्षांश झाला पंचाहत्तर आणि अख्खा जिल्हा उत्तर ध्रुवाकडे रवाना!

"भूषणजी, ही गडबड माझी नाहीये," मी म्हणाले.

"अरे छोड ना, मीटिंगनंतर बघू."

"नाही, आत्ताच. मॅडमना माझी गडबड म्हणून सांगितलंत ना? फिर पूरी बात सांगू या."

मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला आणि बदलांची नोंद पडद्यावर लावली. कुठली ओळ, किती वाजता, कोणी बदलली, सगळं त्यात होतं. भूषण, पाच वाजून चाळीस मिनिटं. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू?

सुलोचना मॅडमनी चष्मा लावून नोंद वाचली. "ठीक करायला किती वेळ?"

"दोन मिनिटं."

त्यांच्यासमोरच मी क्रम पूर्ववत केला. ॲम्ब्युलन्स बेटम्याला परत आली.

"आत पेशंट असता तर?" मॅडमनी विचारलं.

भूषणजी माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "सोमवारी बात करू आपण."

"सोमवार कशाला?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सही करायची नसेल तर आत्ताच सांगा, भूषणजी. कारण काय लिहिणार, तेही सांगा. मॅडम बसल्याच आहेत."